तीनशे अंशांवर

कुपवाडच्या एमआयडीसीत, शेवटच्या शेडमध्ये,
एका पिंपात राखेसारखी भुकटी आहे.
राख नव्हे. ॲल्युमिनियम,
त्यात आठ टक्के लोखंड, थोडं व्हॅनेडियम, थोडं सिलिकॉन,
वितळवून नायट्रोजनच्या झोताने अधांतरीच फोडलेलं.
थेंबाला गोल व्हायला सवड मिळाली,
लोखंडाला घोळका करायला मिळाली नाही.

एवढीच युक्ती.
साच्यात निवांत ओतलं असतं
तर लोखंडाने आतल्या आत दाभणं वाढवली असती
आणि पहिल्याच ओढीला तिथून तडकलं असतं.
घाईत थिजलं म्हणून बारीक राहिलं,
बारीक राहिलं म्हणून तापल्यावरही मऊ पडत नाही.
निदान पुस्तकात.

आमची सळई तीनशे अंशांवर
ओल्या खडूसारखी गेली.

भट्टीवर दस्तगीर शिकलगार असतात.
त्यांचे आजे मिरजेत दारोदार चाक घेऊन हिंडायचे,
विळे, अडकित्ते, न्हाव्याचे वस्तरे.
दोन तुकडे कानाजवळ नेऊन त्यांनी एकमेकांवर वाजवले.
"मोडलं न्हाई हे, बाई. सुटलंय."

मला फरक कळला तो सूक्ष्मदर्शकाखाली.
दाबलं होतं, रेटलं होतं,
डायच्या तोंडातून ओढून सळई केली होती,
तरी कण न् कण आपापल्या कुंपणात उभा.
कुंपण म्हणजे ऑक्साइडची साय,
केसाच्या जाडीचा दहा हजारावा भाग,
आणि त्या सायीत मुरलेलं पाणी.
तापताना त्याचा हायड्रोजन झाला,
सळईच्या अंगावर फोड उठले,
झाऱ्याचं तेल उडाल्यावर मनगटावर उठतात तसे.

आई मार्केट यार्डात हळदीच्या गिरणीत चाळणीवर असते,
एकवीस वर्षं झाली.
मी सांगत होते, ती काडीने
नखातली पिवळी रेघ काढत होती.
"ओलं आलं असंल.
पुराचं पाणी उतरलं की हळकुंड असंच,
वरनं खडखडीत, आत दमट.
दळून दाबलं की गड्डा होतो झकास,
आन् बोट लावलं की भुगा."

दुसऱ्या दिवशी रजिस्टर काढलं.
पिंप उघडलं अकरा ऑगस्टला.
निर्वातात तापवायचे सहा तास,
तापवले दोन. वीज जाणार होती,
पुण्याचा माणूस नमुन्यासाठी फोन करत होता.
खाली सही आहे.
वळणदार. माझी.

मग भीतीने मी उलटं केलं,
पाचशे ऐंशीवर रात्रभर ठेवलं.
पाणी गेलं. एकही फोड नाही.
पण आत जे कष्टाने विखुरलेलं होतं
ते उबेत सरकत सरकत एकमेकांजवळ आलं,
जाड झालं, सुस्तावलं.
आकडा पहिल्यापेक्षा खाली.

मी म्हटलं, अजून बारीक चाळू.
चाचा म्हणाले, चाळा की.
मग मीच कागदावर मांडलं:
कण जितका बारीक तितका कस जास्त,
आणि तितकंच जास्त अंग
हवेला उघडं, पाण्याला उघडं, सायीला उघडं.
पेन्सिल ठेवून दिली.

आज तिसरी सळई.
चारशे वीस अंश, पूर्ण सहा तास,
पिंप उघडलं ते पहाटे, हवा कोरडी बघून,
आणि रेटताना डाय अरुंद घेतली
की कुंपणं फरफटत जातील, फाटतील,
फटीतून धातूला धातू भेटेल.

जबडे ओढतायत. तीनशे अंश.
पडद्यावर रेघ चढतेय, मी बघत नाही.
शिकलगार पाठमोरे उभे आहेत,
मान थोडी कलती, डोळे मिटलेले.
आवाजावरून सांगतो म्हणालेत,
मोडलं की सुटलं.

अजून काही बोलले नाहीत.